एकोणीसवरून पंधरावर

शनिवारी रात्री साडेदहाला डीआर साइटच्या, म्हणजे आपत्तीसाठी राखलेल्या दुसऱ्या जागेच्या, होस्टवर मी लॅबची व्हीएम रजिस्टर केली आणि पॉवर ऑन केलं. (होस्ट म्हणजे खरा सर्व्हर, व्हीएम म्हणजे त्याच्यावर सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी सर्व्हर.) ती सुरू झाली नाही. पुन्हा केलं, तरी नाही. या व्हीएमचं हार्डवेअर व्हर्जन हा होस्ट चालवू शकत नाही, अशा अर्थाची लाल पट्टी आली. मी खुर्चीत मागे टेकले. कारण पट्टी वाचताक्षणी कळलं होतं आणि ते माझ्याच हातून झालेलं होतं.

मी एका रुग्णालयात सर्व्हरचं काम बघते. मुख्य इमारतीत तीन होस्ट आहेत आणि त्यांवर तेव्हा एकेचाळीस व्हीएम चालत होत्या. दुसऱ्या शहरात संस्थेच्याच जुन्या इमारतीत दोन होस्ट ठेवलेत, तो आमचा डीआर. महत्त्वाच्या डेटास्टोअरची, म्हणजे व्हीएमच्या डिस्क जिथे साठवतात त्या जागेची, प्रत रोज रात्री तिकडे जाते. इथे आग लागली, पाणी शिरलं किंवा स्टोरेज गेलं, तर तिकडे व्हीएम उठवायच्या आणि काम चालू ठेवायचं, असा बेत. त्याची तालीम वर्षातून दोनदा होते. २०२२ च्या नोव्हेंबरातली ती तालीम मी विसरणार नाही.

हे हार्डवेअर व्हर्जन काय असतं ते आधी सांगते, कारण वर्षानुवर्षं व्हीएम सांभाळणारेही त्या आकड्याकडे बघत नाहीत. मीही बघत नव्हते. व्हीएमला खरा सर्व्हर कधीच दिसत नाही. व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडे व्हीएमवेअर, तिच्यापुढे एक बनवलेलं मशीन ठेवतं. खाली आजचा कितीही नवा प्रोसेसर असो, आतल्या विंडोजला मदरबोर्ड दिसतो तो इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा, म्हणजे १९९८ सालचा. (पहिल्यांदा डिव्हाइस मॅनेजरमध्ये हे दिसलं तेव्हा मला चुकीच्या सर्व्हरवर लॉगिन झाल्यासारखं वाटलं होतं.) या बनवलेल्या मशीनमध्ये कोणती कार्डं असतील, जास्तीत जास्त किती प्रोसेसर आणि किती रॅम घालता येईल, खऱ्या प्रोसेसरच्या कोणत्या सोयी आतपर्यंत पोचतील, हे सगळं व्हीएमच्या सेटिंगच्या, म्हणजे व्हीएमएक्स, फाइलमधल्या एका ओळीतल्या आकड्यावर ठरतं. होस्टवर व्हीएमवेअरची ईएसएक्सआय नावाची प्रणाली बसवलेली असते. तिच्या ५.० बरोबर आला ८, ५.५ बरोबर १०, ६.० बरोबर ११, ६.५ ला १३, ६.७ ला १४ आणि त्याच्या अपडेट २ ला १५. मग ७.० ला १७, त्याच्या अपडेट १ ला १८, अपडेट २ ला १९. मधले १२ आणि १६ हे वर्कस्टेशन आणि फ्यूजन या डेस्कटॉपवरच्या उत्पादनांचे. जुन्या आकड्याची व्हीएम नव्या होस्टवर बिनतक्रार चालते. नव्या आकड्याची जुन्या होस्टवर चालत नाही.

आता ऑगस्टकडे जाते. ईएसएक्सआय ६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट १५ ऑक्टोबर २०२२ ला संपणार होता. त्याआधी मुख्य इमारतीतले तीनही होस्ट ७.० अपडेट ३ वर न्यायचे होते. एकेका होस्टवरच्या व्हीएम शेजारच्या होस्टवर सरकवायच्या, रिकामा झालेला होस्ट अपग्रेड करायचा, मग पुढचा. वॉर्डात कोणाला काही कळलंही नाही. हे काम चांगलं झालं होतं, आजही त्याबद्दल मला समाधान आहे.

होस्ट झाल्यावर मी व्हीएमची यादी काढली. आठ व्हीएम अजून व्हर्जन ८ वर होत्या, ईएसएक्सआय ५ च्या काळात बनवलेल्या आणि तशाच पुढे ओढत आणलेल्या. त्यांना हात लावायला खरंच कारण होतं. २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षेच्या त्रुटीची भानगड बाहेर आली, तेव्हा प्रोसेसरमध्ये मायक्रोकोडने, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने, नव्या सोयी घातल्या गेल्या. पण त्या सोयी व्हीएमच्या आत दिसायला हार्डवेअर व्हर्जन किमान ९ लागतं, आणि त्या पॅचमुळे येणारा संथपणा कमी करणारी पीसीआयडी नावाची सोय मिळायला ११. म्हणजे आमच्या त्या आठ व्हीएममध्ये विंडोजचे पॅच टाकलेले होते, पण खालच्या मशीनकडून त्यांना जे लागतं ते मिळतच नव्हतं. त्या आठ व्हीएम वर नेणं रास्तच होतं.

मी एकेचाळीस न्यायला घेतल्या, आणि सगळ्या १९ वर. मेन्यूत सर्वात वरचा पर्याय तोच होता. यादीत सगळीकडे एकच आकडा दिसला की काम नीटनेटकं वाटतं. मला कोणी सांगितलं नव्हतं, घाईही नव्हती. व्हीएमवेअरचा स्वतःचा सल्ला असा आहे की नव्या व्हर्जनमधली एखादी सोय लागत असेल तरच वर जा. तो मी वाचलेला होता. व्हर्जन १८ ने एका व्हीएमला ७६८ प्रोसेसर आणि २४ टीबी रॅम देता येते. आमच्या सर्वात मोठ्या व्हीएमला प्रोसेसर आहेत बारा.

पद्धत मात्र मी पाळली होती. आधी व्हीएमवेअर टूल्स अद्ययावत करायची, कारण नव्या मशीनच्या कार्डांचे ड्रायव्हर त्यात असतात आणि विंडोज उठण्याआधी ते जागेवर हवेत. मग व्हीएम रीतसर बंद करायची, कारण चालू व्हीएमचं व्हर्जन बदलत नाही. स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे परत येता येईल अशी त्या क्षणाची नोंद. मग अपग्रेड. चालू करून लॉगिन, नेटवर्क, सर्व्हिसेस तपासायच्या. एका व्हीएमला दहा-बारा मिनिटं लागत. सोमवार ते गुरुवार रात्री अकरानंतर बसत होते. तीन आठवड्यांत बहुतेक झाल्या, आणि कमी महत्त्वाच्या दहा व्हीएमना ‘पुढच्या वेळी बंद होऊन सुरू होशील तेव्हा अपग्रेड हो’ असं शेड्यूल लावून ठेवलं. हे शेड्यूल लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येते.

तीन दिवस सगळं ठीक दिसलं की स्नॅपशॉट काढून टाकत होते. ते बरोबरच होतं. डेटाबेसच्या व्हीएमवर स्नॅपशॉट तसाच ठेवला तर तो फुगत जातो आणि एके दिवशी डेटास्टोअर भरून सगळंच थांबतं. पण त्या स्नॅपशॉटबरोबर मागे येण्याची वाटही गेली. हार्डवेअर व्हर्जन खाली आणायचं बटण व्हीएमवेअरमध्ये नाही.

आणि डीआर? तिथले दोन होस्ट ६.७ अपडेट ३ वरच होते. त्यांच्यातल्या डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डाचा ड्रायव्हर जुन्या व्हीएमकेलिनक्स पद्धतीचा, आणि ७.० मध्ये व्हीएमवेअरने ती पद्धतच काढून टाकली. कार्ड बदलल्याशिवाय तिकडे ७.० बसणार नव्हतं, आणि कार्डाच्या खरेदीची फाइल लेखा विभागात होती. ही फाइल मीच पाठवली होती! म्हणजे तिकडे ६.७ आहे हे मला माहीत होतं, ६.७ ची मजल १५ पर्यंत आहे हेही माहीत होतं, आणि तरी १९ निवडताना या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना भेटल्या नाहीत.

त्या रात्री डीआरच्या खोलीत आमचा एक सहकारी होता. वयाने मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. फोनवर तो म्हणाला, “व्हीएमएक्स उघड, १९ खोडून १५ लिही, काय होतंय?” असं करून व्हीएम उठल्याचं मीही ऐकलं होतं. पण फाइलमधल्या बाकीच्या ओळी १९ च्या मशीनच्या असतात, आणि व्हीएमवेअर त्या प्रकाराला सपोर्ट देत नाही. तालमीच्या प्रतीवर करून बघायला हरकत नव्हती हे खरं. पण खऱ्या आपत्तीच्या रात्री जे मी करणार नाही, ते तालमीत करून वेळ लिहिण्यात अर्थ नव्हता.

म्हणून नवी व्हीएम बनवली. कम्पॅटिबिलिटी ‘ईएसएक्सआय ६.७ अपडेट २ आणि पुढे’ म्हणजे १५, नवी डिस्क काढून टाकली, आणि प्रतीमधली जुनीच डिस्क जोडली. चालू केली तर निळा स्क्रीन, बूट डिव्हाइस सापडत नाही. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ निवडलं की नवी व्हीएम एलएसआय लॉजिक एसएएस कंट्रोलर (डिस्क ज्यातून जोडली जाते ते कार्ड) घेऊन येते, आणि आमची मूळ व्हीएम पीव्हीएससीएसआय या दुसऱ्या कंट्रोलरवर होती. आतल्या विंडोजला आपली डिस्क कोणत्या दारातून येते तेच कळेना. कंट्रोलर बदलला. उठली.

उठली, पण नेटवर्क नाही. नवी व्हीएम म्हणजे नवं नेटवर्क कार्ड, आणि आयपी पत्ता लिहिलेला होता जुन्या कार्डावर. तोच पत्ता नव्या कार्डाला द्यायला गेले तर विंडोज म्हणतं हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते दुसरं कार्ड मशीनमध्ये नाही, फक्त विंडोजच्या आठवणीत आहे. न दिसणारी उपकरणं दाखवायची सोय चालू करून ते काढलं, मग पत्ता बसला.

तरी लॅबचं सॉफ्टवेअर उघडेना. त्याचं लायसन्स मॅक पत्त्याला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाला, बांधलेलं. नव्या कार्डाला जुना मॅक हाताने लिहिला, तर व्हीएम सुरूच होईना. ००:५०:५६ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांपैकी ठरावीक पट्ट्यातलेच हाताने देता येतात आणि आमचा होता व्हीसेंटर या होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने वाटलेला, त्या पट्ट्याबाहेरचा. शेवटी व्हीएम यादीतून काढून मूळ व्हीएमएक्समधल्या नेटवर्क कार्डाच्या ओळी जशाच्या तशा नव्या फाइलमध्ये घातल्या आणि परत रजिस्टर केली. रात्री दोनला दहा कमी असताना लॅबचा लॉगिन स्क्रीन आला.

तीन तास वीस मिनिटं, एका व्हीएमला. तेवीस व्हीएम डीआरवर उठवायच्या होत्या, आणि कागदावर आम्ही पूर्ण रुग्णालयासाठी चार तास लिहिलेले होते.

तालमीसाठी लॅबच्या एक ताई थांबल्या होत्या. त्यांची रात्रपाळी नव्हती, मी विनंती केली म्हणून आल्या होत्या. त्या एकदाच बोलल्या. “मॅडम, खरंच असं झालं, आणि आयसीयूतून पोटॅशियम मागितलं, तर मी मागचा रिपोर्ट कुठे बघायचा?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. डायलिसिसच्या पेशंटचा कालचा आकडा आणि आजचा आकडा शेजारी शेजारी दिसावा लागतो, त्यावर डॉक्टर ठरवतात. घरी जाताना तेच डोक्यात होतं, आणि तेव्हापासून हार्डवेअर व्हर्जन हा माझ्यासाठी नुसता आकडा राहिला नाही.

सोमवारी साहेबांना सगळं जसं होतं तसं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “किती दिवसांत परत नीट होईल?” मी सहा आठवडे मागितले.

वाटा मोजक्या होत्या. बॅकअपमधून जुनी व्हीएम आणायची, तर मधल्या तीन महिन्यांचा डेटा वेगळा भरावा लागणार. व्हीएमवेअर कन्व्हर्टर आहे, तो खालच्या व्हर्जनची नवी प्रत बनवून देतो, पण सगळा डेटा कॉपी करून, आणि आमचा मुख्य डेटाबेस दोन टीबीचा. डीआरचं कार्ड कधी येईल ते कोणीच सांगेना. राहिली तीच वाट, जी त्या रात्री चाचपडत केली होती: डिस्क तीच ठेवून तिच्याभोवती १५ चं नवं मशीन उभं करायचं. फक्त या वेळी चाचपडायचं नव्हतं.

प्रत्येक व्हीएमसाठी एक कागद केला. व्हीएम बायॉसने सुरू होते की ईएफआयने, कारण ते चुकलं तर डिस्क तीच असूनही व्हीएम उठत नाही. कंट्रोलर कोणता. कोणती डिस्क कंट्रोलरच्या कोणत्या क्रमांकावर. नेटवर्क कार्डाचा प्रकार, मॅक पत्ता, बायॉसचा यूयूआयडी म्हणजे मशीनचा ओळख क्रमांक, कारण काही लायसन्सं त्याला बांधलेली. आणि पीसीआय स्लॉट क्रमांक. हा शेवटचा मला आधी महत्त्वाचा वाटला नव्हता. पहिल्या प्रयोगात मॅक तोच दिला, तरी विंडोजने कार्ड नवंच धरलं, कारण ते वेगळ्या स्लॉटमध्ये दिसलं. सेंटओएस ७ या लिनक्समध्ये तर कार्डाचं नावच स्लॉटवरून पडतं. १९२ असेल तर ईएनएस१९२, १६० असेल तर ईएनएस१६०, आणि आपली नेटवर्कची फाइल एका नावाची असते. सेंटओएस ६ ची तऱ्हा निराळी. तिथे मॅकवरून नाव ठरतं आणि मॅक बदलला की ईथ० चं ईथ१ होतं. ज्यांनी ही रात्र काढलीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

आधी प्रत्येक व्हीएमचा क्लोन काढून, बाहेर न जाणाऱ्या नेटवर्कवर तालीम. ती जमली की मगच खरी. रोज दोन, फार तर तीन. डीआरला जाणाऱ्या तेवीसच खाली आणल्या. उरलेल्या अठरा कधीच तिकडे उठणार नाहीत, त्यांना १९ वर असून काही बाधत नाही, म्हणून त्यांना हात लावला नाही. पुन्हा सगळीकडे एकच आकडा करण्याचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी यादी बघितली, तर एक्स-रेच्या चित्रांची ने-आण करणारी व्हीएम १९ वर. तेवीसातलीच, आणि ती तर कधी १९ वर गेलीच नव्हती. रात्री विंडोजचे पॅच लागून ती रीस्टार्ट झाली होती आणि ऑगस्टात मी लावलेलं ते शेड्यूल तेव्हा जागं झालं. मी सगळं थांबवलं होतं, शेड्यूल थांबलं नव्हतं. त्या दिवशी एकेक व्हीएम उघडून ते काढलं. चार ठिकाणी सापडलं. व्हीसेंटरच्या मुख्य यादीत ते डोळ्यात भरत नाही, व्हीएमच्या सेटिंगच्या आत जावं लागतं.

याच काळात बँकेत काम करणाऱ्या मैत्रिणीशी बोलणं झालं. त्यांच्याकडे व्हीएमवेअरऐवजी मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही. तिथे याला कॉन्फिगरेशन व्हर्जन म्हणतात, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चं ५.०, २०१६ चं ८.०, आणि अपडेट केलं की तिथेही परतीचा रस्ता नाही. ती म्हणाली, “आमच्याकडे हे काम चेंज कमिटीच्या सहीशिवाय होतच नाही.” आमच्याकडे कमिटी नाही. मग मी एक छोटा नियम घातला: नोंदवहीत प्रत्येक व्हीएमपुढे दोन रकाने, आत्ताचं व्हर्जन आणि परवानगी असलेलं जास्तीत जास्त व्हर्जन. दुसरा रकाना ती व्हीएम जिथे जिथे उठवायची वेळ येऊ शकते त्यांतल्या सर्वात जुन्या होस्टवरून भरायचा. शिवाय व्हीसेंटरमध्ये डेटासेंटरच्या पातळीवर डीफॉल्ट कम्पॅटिबिलिटी ठरवता येते, ती ६.७ अपडेट २ वर ठेवली, म्हणजे घाईत कोणी नवी व्हीएम बनवली तरी ती १५ चीच बनते. दर सोमवारी पॉवरसीएलआयची एक स्क्रिप्ट सगळ्यांची नावं आणि व्हर्जन मला मेल करते. आज मुख्य होस्ट ८.० वर आहेत, तिथे २० आणि २१ मिळतात. डीआरचं कार्ड अखेर आलं आणि तिकडे ७.० बसलं, म्हणून दुसरा रकाना आता १९ झालाय. पहिला बहुतेकांचा अजून १५ आहे. ज्या एका व्हीएमला वर जायला कारण मिळालं, ती गेली.

दुसरी तालीम फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. दादा तिकडेच होता, ताईंना पुन्हा बोलावलं, त्या पुन्हा आल्या. रात्री अकरा वाजून पाच मिनिटांनी सुरुवात केली. लॅबची व्हीएम रजिस्टर केली, पॉवर ऑन केलं. विंडोजचं चिन्ह आलं, फिरत राहिलं, मग लॉगिन. आयपी जागेवर होता. ताईंनी ड्रॉवरमधून एक जुनी सॅम्पल ट्यूब काढली, तिच्यावरचा बारकोड स्कॅन केला, आणि स्क्रीनवर त्या पेशंटचे मागचे सहा रिपोर्ट एकाखाली एक उघडले. त्यांनी पोटॅशियमच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला दाखवलं. घड्याळात अकरा एकोणीस झाले होते. मी कागदावर वेळ लिहिली आणि पुढची व्हीएम रजिस्टर करायला घेतली.